नागम्माचं नाक

अक्कलकोट रोडला बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागं चाळीस घरांची एक वसाहत आहे. बारा घरं लिंगायतांची, नऊ धनगरांची, आठ मुसलमानांची, सात तेलुगू विणकरांची, आणि उरलेली चार कुणाची ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. या चाळीस घरांच्या पोटात काय काय जातं हे फक्त एका बाईला ठाऊक होतं. ती नागम्मा. मैंदर्गीची लेक, वसाहतीतल्या लिंगायत घरातली सून, आता बासष्टीची विधवा, आणि गेली एकोणीस वर्षं वसाहतीच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली कमरेला लावून फिरणारी.

भांडी सगळ्यांच्या वर्गणीतली. जर्मनची चार मोठी पातेली, दोन कढया, पराती, बादल्या, ओगराळी, तीनशे ताटं. चारांपैकी दोन पातेल्यांच्या कानाला कानशीनं खाच पाडलेली. खाचेचं ते वशाटाचं, बिनखाचेचं ते साधं. लग्न असो, बारसं असो, मयताचा दिवस असो, ज्याला जे लागेल ते त्यानं न्यावं. बिनखाचेच्या पातेल्यात मात्र मटणाचा तुकडा पडता कामा नये. पडला की नाही हे ठरवायचं नागम्माच्या नाकानं. एवढ्या एका अटीवर चाळीस घरं वर्गणीच्या भांड्यांत गुण्यागोविंदानं जेवत होती.

भांडं परत आलं की नागम्मा पदर कमरेला खोचायची, काठाखालून बोट फिरवायची आणि मग डोकं थेट आत घालायची. आत काय असायचं ते तिनं सांगावं आणि ऐकणाऱ्यानं जेवण टाळावं. काठाखाली थिजलेली चरबी, मेणबत्तीसारखी पांढरी, नखानं खरवडली की नखात बसून राहणारी. झाऱ्याच्या भोकात अडकलेला बकऱ्याचा केस. एकदा बिर्याणीच्या पातेल्यात आख्खा दात निघाला होता, तो बकऱ्याचा की आचाऱ्याचा यावर आठवडाभर वाद झाला. पण शाकाहारी घरांच्या नावानं ती नाक मुरडत नव्हती असं कुणी समजू नये. लिंगायतांची कढी आंबून तार सुटलेली यायची. शिऱ्याच्या जळक्या खरपुडीत कुणाच्या तरी बोटाची चिकटपट्टी यायची. विणकरांच्या सांबारात शेवग्याच्या चघळून टाकलेल्या शेंगा परत भांड्यात पडलेल्या असायच्या, दातांच्या खुणांसकट. "ज्याची कढी अशी, त्यानं दुसऱ्याच्या मटणाला नाव ठेवू नये की," असं नागम्मा म्हणायची, आणि मग दोघांनाही नावं ठेवायची. तिच्या मते माणसाची जात दोनच: भांडं घासून देणारी आणि न घासता देणारी. दुसऱ्या जातीची वस्ती वसाहतीत जास्त होती.

असं हे नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं.

अकरा दिवस ताप होता. ताप उतरला आणि जाताना नाक सोबत घेऊन गेला. देवापुढं कापूर लावला तर नुसता उजेड. हिंगाची डबी नाकाशी धरली तर नुसती डबी. डॉक्टर म्हणाला, येईल महिन्या-दोन महिन्यांत. चार वर्षं झाली, आलं नाही. जेवणातली चवही बरीचशी त्याच्यासोबत गेली. आमटी म्हणजे तिखट गरम पाणी, भात म्हणजे ओलसर लगदा. जिभेवर काय फिरतंय ते कळायचं नाही, फक्त त्याचा बुळबुळीतपणा कळायचा. किळस मात्र जशीच्या तशी राहिली. उलट वाढली. वास येत होता तेव्हा किळसेला निदान एक ठिकाण होतं, आता ती सगळीकडं होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सुनेलाही नाही. सांगितलं तर काय होईल याचा अंदाज तिनं कधीच बांधून ठेवला होता. लिंगायत म्हणतील, आमची दोन पातेली आम्हाला द्या. धनगर म्हणतील, मग ताटंही वाटून घ्या. विणकर म्हणतील, कढया आमच्या. वर्षभरात एकाच्या लग्नाला दुसरा जेवायला जाईनासा होईल. आणि किल्ली जाईल. किल्ली नसलेली नागम्मा म्हणजे सुनेच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून लसूण सोलणारी एक म्हातारी.

म्हणून तिनं दुसरी सोय केली. भांड्यात आधणाचं पाणी ओतून ठेवायचं, तेलाचे डोळे तरंगतात का बघायचं. बोटानं काठ चाचपायचा. आणि चन्नी. चन्नी ही तिची मांजर, घरात दूध-भाकरी खाणारी आणि बाहेर काय खात असेल ते न विचारलेलं बरं. भांडं अंगणात मांडलं की चन्नी यायची. बिनखाचेच्या पातेल्याकडं ढुंकूनही न बघता गेली, तर नागम्मा डोकं आत घालून, दोनदा खोल श्वास ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "स्वच्छ हाय. ठेवा आत." चार वर्षं वसाहतीचा सलोखा एका मांजरीच्या भरवशावर चालला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्या आठवड्यात रविवारी मायाक्काच्या मल्हारचं लग्न झालं. मायाक्का धनगरांची, नागम्माच्या समोरच्या घरातली, तिच्याच वयाची. मटण खाचेच्या पातेल्यात, भात बिनखाचेच्या. सोमवारी भांडी परत आली. चन्नीनं बघितलं, नागम्मानं हुंगलं, खोलीत गेली. मंगळवारी दुपारी तेच बिनखाचेचं पातेलं अण्णारावानं नेलं. अण्णाराव लिंगायत, पतसंस्थेतून नुकताच निवृत्त झालेला, जुळे सोलापूरला नवं घर बांधलेला. गुरुवारी त्याची वास्तुशांती आणि जंगमांचं, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांचं, जेवण होतं; त्यात हुग्गी, गव्हाची गुळातली खीर, करायची होती. बुधवारी सकाळी आठ वाजता तो पातेलं रिक्षात घालून परत आला आणि नागम्माच्या अंगणात त्यानं ते असं आदळलं की समोरच्या दारात मायाक्का येऊन उभी राहिली.

"नागम्माक्का, हे तुम्ही पास केलेलं भांडं ना?" अण्णारावाच्या नाकाला रुमाल होता. "ह्याच्यात उद्या मी जंगमांना हुग्गी शिजवून घालू का?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणून मला विचारायलाय? घ्या की वास. रात्रभर घरात बसवंना. बायकोनं दोनदा ओकारी काढली."

बघता बघता गल्ली जमली. अण्णारावानं मायाक्काकडं बोट केलं नाही, तो तसा रीतभात पाळणारा माणूस होता. तो फक्त म्हणाला, "रविवारी हे भांडं कुणाकडं होतं, ते वहीत बघा."

"वही कशाला बघायला पायजे?" मायाक्का अंगणात उतरली. "माझ्याकडं हुतं. भात केला त्यात. भाताला काय वशाट वास येतो व्हय?"

"भातावर रस्सा कुठं ओतलात ते मला काय माहीत."

"ताटात वतला अण्णाराव, ताटात. आमी काय पातेल्यात तोंड घालून जेवत न्हाय." ती पातेल्याजवळ आली आणि थबकली. "आणि ह्यो मटणाचा वासच न्हाय. मासळीचा हाय."

"तुम्हाला बरा फरक कळतो. आमच्याकडं दोन्हीला एकच नाव हाय."

लोक हसले. मायाक्का हसली नाही. अण्णाराव आता नागम्माकडं वळला. "मला कुणाशी भांडायचं नाही. नागम्माक्कानं वास घ्यावा आणि सांगावं. ह्यात वशाट शिजलं असलं तर आमच्या बारा घरांची पातेली आजपासनं आमच्याकडं. नसंल तर मी मुकाट्यानं नेतो."

नागम्मानं पदर खोचला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावून खोचला. पातेलं तिच्यासमोर होतं आणि तिच्या लेखी ते धुतलेल्या दगडाएवढं बिनवासाचं होतं. वास आहे की अण्णारावाचं खूळ आहे, इथपासून तिची सुरुवात होती. 'स्वच्छ' म्हणावं आणि खरंच घाण मारत असलं, तर नाकाचं बिंग फुटणार. 'वशाट' म्हणावं, तर मायाक्काची नवी सून दारातून बघत होती, अजून अंगाची हळदही उतरली नव्हती पोरीच्या.

तिनं डोकं आत घातलं. दोन खोल श्वास घेतले. काहीच नाही, थंड धातू फक्त. डोकं काठाशी आणत तिनं काखेखालून लोकांची तोंडं बघितली. अण्णारावाचा रुमाल खरा होता, त्याचे डोळे पाणावले होते. विणकरांची पोरं नाक दाबून मागं सरली होती. म्हणजे वास आहे. मग तिनं मायाक्काला बघितलं. कोकराची आतडी उलटी करून, आतला हिरवा चोथा हातानं काढून, वर बोलत-हसत धुणारी ही बाई. बोकडाचं मुंडकं चुलीवर जाळताना त्या केसांच्या धुरात बसून चहा पिणारी. तिनं ओठ आत ओढले होते आणि गळ्याशी थुंकी अडवून धरली होती. मायाक्काला मळमळत होतं. तिला कशाकशानं मळमळत नाही याची नागम्माकडं मोठी यादी होती, आणि त्यात मटण पहिलं होतं.

"घ्या की डोकं बाहेर," असं काही कुणी म्हणालं नाही, पण वेळ फार झाला होता. नागम्मा सरळ झाली. तेवढ्यात चन्नी आली.

चन्नी शेपूट ताठ करून आली, पातेल्याला एक फेरी मारली, आत डोकावली नाही. बुडाच्या काजळीला नाक लावलं आणि एका जागी चाटायला लागली. मोठ्या प्रेमानं, डोळे मिटून.

नागम्मानं तिला पायानं बाजूला केलं, वाकली आणि त्या जागी बोट फिरवलं. नखाला काहीतरी पातळ, कडक लागलं. तिनं ते खरवडून तळहातावर घेतलं. चवलीच्या नाण्याएवढा माशाचा खवला. वाळून कडा वळलेल्या, मध्ये अजून चिकट, आणि त्याला लागलेला तांबूस शेंबडासारखा धागा. वास नसल्यानं ते आणखी वाईट होतं, कारण वास कसा असेल हे तिला स्वतःच आठवावं लागलं, आणि आठवणीतला वास कधीच कमी पडत नाही.

"आत काय शिजलेलं न्हाय," ती सावकाश म्हणाली. "घाण बाहेरनं हाय. बुडाला. अण्णाराव, भांडी नेली कशातनं?"

"टेंपोतनं."

"कुणाच्या?"

"सलमानच्या. रिकामाच चाललेला होता."

सलमान नूरबीचा मुलगा, वसाहतीतलाच. रोज पहाटे उजनीच्या काठावरून चिलापी मासळी भरून सोलापूरच्या बाजारात टाकायचा. हे वसाहतीत शेंबड्या पोराला माहीत होतं. तो गर्दीतच होता, मागच्या बाजूला, उंच असून दिसू नये असा उभा.

"काका, मी बोललो होतो की," तो म्हणाला. "मासळी टाकून आलोय, धुवून घेतो, एक तास थांबा. तुम्हीच बोलले, मुहूर्त टळंल, असाच चल. एका खेपेत सगळं बसव."

"सगळं म्हणजे?" नागम्मानं विचारलं.

सलमाननं अण्णारावाकडं बघितलं. अण्णाराव रुमालाकडं बघत होता.

"गाद्या?" नागम्मा म्हणाली.

"गाद्या."

"जेवणाचे गहू?"

"गव्हाची दोन पोती. गुळाच्या ढेपा. पोती खाली होती, काका म्हणाले गाद्या खराब होतील."

"आणि देवघर?"

अण्णारावाचा हात रुमालासकट खाली आला होता. त्याच्या डोळ्यांपुढं काय येत होतं ते सगळ्यांना दिसत होतं: टेंपोच्या पत्र्यावर साचलेलं ते राखाडी पाणी, रक्त आणि खवले आणि बर्फाचा चिखल, हळूहळू गोणपाटातून वर चढणारं, गव्हात मुरणारं, आणि त्या सगळ्यावर उभं शिसवी देवघर. रात्रभर ज्या गादीवर झोपून तो मायाक्काच्या घराला शिव्या घालत होता, ती गादी. तो भिंतीकडं गेला, एका हातानं भिंत धरली आणि दोनदा कोरडी उबळ काढली.

"पाणी द्या की कुणी," मायाक्का म्हणाली. "आणि अण्णाराव, सांगून ठेवते. आमच्या नऊ घरांत मासळी शिवत बी न्हाईत. गिळगिळीत, ना रगत ना मांस. ते खाणाऱ्याचं तोंड बघवत न्हाय आमाला."

"मावशी," सलमान म्हणाला, "मी हितंच उभा हाय."

"हाईस तर हाईस. तुझं तोंड धुतलेलं असतंय."

पातेलं तिथंच घासलं गेलं. मायाक्कानं चिंच आणली, सलमाननं पाणी ओढलं, अण्णारावानं उकिडवं बसून राख लावली. नागम्मानं तिसऱ्या पाण्यानंतर बुडाला तोंड नेऊन हुंगलं, चन्नीला एका डोळ्यानं बघून घेतलं आणि म्हणाली, "स्वच्छ हाय." गहू नवे घ्यायचे ठरले. गाद्यांचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. देवघराविषयी अण्णाराव म्हणाला, जंगमांना विचारून बघतो. आणि नंतर कळलं की त्यानं विचारलं नाही.

दिवेलागणीला मायाक्का लग्नाचे लाडू घेऊन आली. नागम्मानं डबा घेतला. दोघी उंबऱ्याशी बसल्या.

"आक्का, एक इचारू?"

"इचार की."

"नाक कवा गेलं?"

नागम्मानं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"त्या वासानं माझी आतडी तोंडाला आली," मायाक्का म्हणाली. "आणि तुमी डोकं घालून बसला जसं काय चाफ्याच्या झाडाखाली. लोकांना वाटलं, बघा काय धीराची बाई. मला आधीच ठावं हुतं. तीन वर्सं झाली. तुमी वास घेता तवा मांजराकडं बघता."

"कुणाला बोललीस?"

"न्हाय. कशाला बोलू? हे बारा जण पातेली घिऊन गेले की माझ्या घरच्या लग्नात तुमी जेवायला येणार हाय व्हय?"

समोरच्या दारात नवी सून भांडी घासत होती, नुसती पाण्यातून काढत होती म्हणा. दुसऱ्या जातीची दिसत होती.

"एक सांगते, राग धरू नका," मायाक्का म्हणाली. "तुमचं नाक हुतं तवा आमी तुमाला दोनदा फसवलं. नाक गेलेलं कळल्यावर एकदाबी न्हाय. आंधळ्याच्या ताटातलं घेतल्यासारखं वाटतं."

हे ऐकून खरं तर तिचे आभार मानायला हवे होते. नागम्मा मात्र पहिल्याच वाक्याशी अडली होती.

"दोनदा," ती म्हणाली.

"व्हय."

"बिनखाचेच्या पातेल्यात?"

"एकदा माझ्या नातवाच्या, सिद्धनाथच्या जावळाला. खाचेची दोन्ही नूरबीकडं गेलती, लोकं जास्त आली, रस्सा कुटं ठिवायचा? आणि एकदा," मायाक्का जरा अडखळली, "रक्ती केलती. बकऱ्याचं रगत हो. थिजवून, कांदा घालून. बारकं भांडं पुरंना. तीनदा घासलं पण. चिंचंनं."

"आणि मी वास घेतला?"

"घेतला की. डोकं घालून. म्हणला, स्वच्छ हाय."

नागम्मा मनात मागं मागं गेली. तिला वही लागत नव्हती. सिद्धनाथचं जावळ म्हणजे चैत्र. त्या चैत्रात नंतर ते पातेलं विणकरांकडं गेलं, म्हणजे त्यांचं त्यांना लखलाभ. रक्ती कधी? आषाढात मायाक्काच्या घरी बकरं पडलं होतं. आषाढ. आणि त्याच आषाढात, आठ दिवसांनी, तिच्या स्वतःच्या नातीचं बारसं. त्याच पातेल्यात हुग्गी. गव्हाची, गुळाची, वर खोबरं घातलेली. तशी हुग्गी पुन्हा कधी झाली नाही असं ती दहा वर्षं सगळ्यांना सांगत होती. दोन वाट्या खाल्ल्या होत्या तिनं. खरवड बोटानं काढून चाटली होती. त्या पातेल्याच्या बुडाची.

"अय्यो शिवा," ती पुटपुटली आणि उठून मोरीत गेली. बराच वेळ चूळ भरण्याचा आवाज येत राहिला. मायाक्का बाहेर बसून होती. परत आल्यावर नागम्मानं लाडवाचा डबा आत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "चिंचंनं घासलं म्हणालीस?"

"चिंचंनं आणि राखंनं."

"बरं," नागम्मा म्हणाली.

गुरुवारी अण्णारावाच्या नव्या घरात जंगम जेवून उठले. ते बाहेरगावचे, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मग वसाहतीची पंगत बसली. अण्णारावानं सगळ्यांना बोलावलं होतं, सलमानलासुद्धा. ते पातेलं मध्ये मांडलेलं, आणि सगळ्यांच्या पानात हुग्गी. पण बारा घरांतलं कुणी हात लावत नव्हतं. कुणी पाणी पीत होतं, कुणी पदर सारखा करत होतं. सगळ्यांची नजर नागम्माच्या पानावर. तिनं खाल्लं तर पातेलं राहणार, नाही तर जाणार. चन्नी आज मदतीला नव्हती.

नागम्मानं पानाकडं बघितलं. गूळ काळपट, तांबूस. गव्हाचे फुगून फुटलेले दाणे, साली सुटलेल्या, नखांसारख्या. वर तुपाचा थर थिजायला लागला होता, पांढरा, मेणासारखा. समोरच्या ओळीत मायाक्का बसली होती. तिनं एक घास घेतला आणि मान हलवली.

"गोड लई छान झालंय की, आक्का," ती म्हणाली.

नागम्मानं घास उचलला. तोंडात काही चव नव्हती, फक्त गरम बुळबुळीत गोळा आणि दातांत अडकणाऱ्या साली. तो घशाशी आला, थांबला, परत वर यायला लागला. तिनं श्वास रोखला, नाकात रोखण्यासारखं काही उरलं नसताना, आणि तो खाली ढकलला. मग दुसरा. मग तिसरा. बारा घरांचे हात एकेक करून पानाकडं गेले.

अण्णाराव ओगराळं घेऊन तिच्यापाशी आला. "आक्का, वाढू?"

तिनं समोर बघितलं. मायाक्का पान पुसून घेत होती.

"वाढ," नागम्मा म्हणाली. "खरवड नको."